खण, भाकरी आणि जातं : पुण्याला जाण्याआधीच्या अडीच महिन्यांच्या नोंदी

५ नोव्हेंबर

बी.कॉम.चा निकाल जूनमध्ये लागला. नोकरीचं पत्र ऑक्टोबरमध्ये हातात पडलं आणि पुण्यात रुजू व्हायची तारीख मिळाली २० जानेवारी. म्हणजे सोलापुरात घरी बसायला अडीच महिने. गेल्या वर्षभरात माझा जीव तीन गोष्टींवर जडलाय : खणाचं कापड, शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या. तिन्ही गोष्टी मी आजवर फक्त बघत, खात आणि ऐकत आले. पुण्याला जाण्याआधी त्या स्वतःच्या हातांनी जमल्या पाहिजेत, असं ठरवलंय.

कामं अशी : खणाचं एक बिनबाह्यांचं जॅकेट शिवायचं आणि ते गड्डा यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेत, घालायचं. भोगीच्या दिवशी घरातल्या सगळ्या भाकऱ्या मी करायच्या. आजीच्या निदान पन्नास ओव्या नीट ऐकू येतील अशा रेकॉर्ड करून लिहून काढायच्या. जमेल तशी तारखेनिशी नोंद ठेवतेय. कुणाला यातलं काही करायचं असेल, तर माझा वाया गेलेला वेळ आणि पैसा तरी वाचेल.

७ नोव्हेंबर

आजीच्या पेटीत चार जुने खण निघाले. ओटीत आलेले, घडी न मोडलेले, समोशासारखे त्रिकोणी दुमडलेले. एक गर्द जांभळा, लाल काठाचा. तो बाबांच्या वेळच्या डोहाळजेवणातला आहे, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा. आजी म्हणाली, “घे की. ठिवून तरी काय करायचंय.”

मी तो उघडला, पाणी शिंपडलं आणि घड्यांच्या रेषा जाव्यात म्हणून गरम इस्त्री दाबून फिरवली. घडी गेली, पण तिच्या रेषेवर कापडही गेलं. सुरीने कापावं तशी सरळ चीर पडली. दुसऱ्या खणाला नुसतं ताणून बघितलं, तोही घडीवर उसवला. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर दुमडलेलं रेशीम तिथे आतून संपलेलं असतं, वरून कळत नाही. आजी काही बोलली नाही. चिरलेला खण तिने परत दुमडला, आणि या वेळी वेगळ्या घडीने. मला फार वाईट वाटलं.

जुनं कापड हाती आलं तर आधी त्याची घडी उजेडासमोर धरा. रेषेतून उजेड आरपार आला तर ते शिवायच्या कामाचं नाही. इस्त्री तर मुळीच नको.

१० नोव्हेंबर

भाकरीचा पहिला दिवस. पाच केल्या, पाचही फाटल्या. थापताना काठाला चिरा पडायच्या आणि परातीतून उचलली की मधून दोन तुकडे. दुपारभर मला वाटत होतं की हात कच्चा आहे. संध्याकाळी आजीने पिठाची चिमूट पाण्यात भिजवून बोटांत दाबली आणि म्हणाली, “ह्याची विरी गेलीया.” पीठ दिवाळीच्या आधी दळून आणलेलं होतं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळात नाही. जो थोडा धरून ठेवायचा गुण असतो तो पीठ शिळं झालं की जातो, मग हात कितीही चांगला असो, भाकरी तुटते.

१२ नोव्हेंबर

मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी १० किलो आणली, ६० रुपयांनी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. तिथली काळी, ओल धरून ठेवणारी जमीन आणि पेरणीनंतर जवळजवळ पाऊस नसताना नुसत्या ओलीवर आलेलं पीक, यामुळे दाणा टपोरा आणि भाकरी पांढरी होते. दोनच किलो दळून आणली.

ताज्या पिठाच्या चार भाकऱ्यांतल्या दोन अख्ख्या उतरल्या. आधणाचं पाणी एकदम ओतलं म्हणून पीठ सैल झालं होतं. पाणी किती घ्यायचं, असं आजीला तीनदा विचारलं. “पीठ मागंल तेवढं” याच्यापुढे ती जाईना. शेवटी तिच्या हातातली वाटी काढून घेऊन मोजली : एका भाकरीला भरून वाटी पीठ आणि अर्ध्या वाटीला किंचित जास्त कढत पाणी, तेही तीन वेळा थोडं थोडं. हे माप आमच्या वाटीचं आणि या पिठाचं.

१५ नोव्हेंबर

ओव्या. फोन पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, “आजी, म्हण.” तिने दोन म्हटल्या, तिसरीला अडखळली, चौथी निम्मी म्हणून थांबली. “कसं सांगू गं? जात्यावर बसल्याबिगर गळ्यात येत न्हाई.”

जातं आहे, पण परसात पालथं पडलेलं. वरच्या तळीचा खुंटा मोडलाय आणि दगड गुळगुळीत झालाय. त्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने परत खरबरीत करून, घ्यावी लागणार. आजचा दिवस टाकी लावणारा माणूस शोधण्यात गेला. बाजारात विचारत विचारत तिसऱ्या ठिकाणी पत्ता लागला.

१८ नोव्हेंबर

टाकी लावायचे ३०० रुपये, नव्या खुंट्याचे ५०. छिन्नीने दोन्ही तळ्यांवर बारीक खड्डे पाडायला त्यांना दीड तास लागला. जाताना त्यांनी सांगितलं होतं की पहिलं दळण टाकून द्यायचं. मी शेरभर जुने तांदूळ भरडले, टाकून दिले आणि लगेच ज्वारी घातली. रात्रीच्या भाकरीत कचकच. बाबांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं. मग आणखी दोनदा तांदूळ भरडून फेकले, जातं कोरड्या कुंच्याने झाडलं आणि ओल्या फडक्याने पुसून दिवसभर उन्हात वाळवलं. तेव्हा कुठे कचकच गेली.

२१ नोव्हेंबर

खणाची खरेदी. दुकानदाराने “हातमागाचा आहे” म्हणून दिलेला हिरवा खण २ मीटर घेतला, १५० रुपये मीटर. घरी येऊन मागे फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं आधाराचं कापड) चिकटवायला सुती कापडाच्या आचेवर इस्त्री ठेवली. दोन सेकंदांत कापड आकसलं, चकाकलं आणि प्लास्टिकचा वास आला. पॉलिएस्टर होतं. ३०० रुपये गेले.

जी गोष्ट खरेदीच्या आधी करायला हवी होती ती मी नंतर केली : कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा ओढून काढायचा आणि काडी लावायची. सूत कागदासारखं जळतं आणि मागे मऊ राख राहते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. दोन्ही धागे वेगवेगळे जाळा, कारण खणात उभा आणि आडवा धागा एकाच जातीचा असेलच असं नाही.

२५ नोव्हेंबर

दुसरा खण ओळखीच्या मावशींनी आणून दिला, गुळेदगुड्डहून. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं हे गाव खणासाठीच ओळखलं जातं. आपल्याकडच्या चोळीच्या खणांचं ते माहेरच म्हणायला हवं. २ मीटर, ३४० रुपयांनी. कुंकवाच्या रंगाचा, काळा काठ. पन्हा साधारण ३१ इंच, दोन्ही कडांना काठ आणि मध्ये बारीक नक्षीच्या उभ्या ओळी. कापड उलटं केलं की नक्षीचे सुटे धागे मागे तरंगताना दिसतात. धागा जाळून बघितला, मणी झाला नाही.

अंगात घालून बघितलेल्या बाजारातल्या खणाच्या कपड्यांत आणि यात काय फरक आहे ते मला आज हाताला कळलं. हा कागदासारखा ताठ नाही. मुठीत धरला तर मऊ गोळा होतो आणि सोडला की हळूहळू उमलतो.

२ डिसेंबर

मशीनची दुरुस्ती झाली, ३५० रुपये. आईची जुनी पायाची मशीन आहे, शटलमध्ये दोऱ्याचा गुंता बसला होता. अस्तराचं सुती कापड रात्रभर पाण्यात ठेवून वाळवलं, कारण ते आधी आटवलं नाही तर पहिल्या धुण्यात जॅकेट आतून गोळा होतं.

मग कापणी. इथे मोठी चूक झाली आणि ती नीट लिहितेय, कारण खणासारख्या दुकाठी कापडात ती सहज होते.

पुढच्या दोन्ही भागांच्या कडेला, जिथे बटणं लागतात तिथे, काठ उभा यावा असं मला हवं होतं. पन्ह्यात शेजारी अख्खी रुंद पट्टी उरेल आणि तिची पिशवी होईल या हिशोबाने मी दोन्ही भाग एकाखाली एक, एकाच काठाला लावून कापले. उरलेल्या पट्टीत पिशवी बसेना, म्हणून त्यातून लगेच खिसे आणि कॉलर कापली. त्यानंतर दोन्ही भाग अंगाला लावून आरशात बघितलं, तर दोन्ही डाव्याच बाजूचे. उलटवून वापरावं तर मागे सुटे धागे. आणि दुसरा काठ मी खिशांत खर्च करून बसले होते.

कोपऱ्यावरच्या शिंपी मास्तरांकडे ते तुकडे घेऊन गेले. मास्तर म्हणाले, “बाळ, खणाला उलटी बाजू असते. डावा काठ डाव्याला, उजवा काठ उजव्याला. दोन्ही भाग शेजारी शेजारी ठेवायचे, एकाच लांबीत बसतात.” तसंच आहे. ३१ इंचांत दोन भाग आरामात बसतात आणि काठ आपोआप समोरासमोर येतात. खडूने आखून झाल्यावर कात्री लावण्याआधी कागदी नमुने दोन्ही जागी एकदम मांडून बघितले असते तर चूक तिथेच दिसली असती. माझ्याकडे एकच कागदी नमुना होता आणि मी तोच सरकवत गेले.

४ ते ११ डिसेंबर

मावशींना पुन्हा फोन केला. पाऊण मीटर यायला आठवडा लागला, २५५ रुपये. रंग पहिल्यापेक्षा जरा गडद निघाला. एक जुना आणि एक नवा भाग शेजारी लावला असता तर फरक डोळ्यांत भरला असता, म्हणून पुढचे दोन्ही भाग नव्यातून कापले. मागचा भाग जुन्यातला आहे. पाठ आणि पोट एकाच वेळी कुणी बघत नाही.

या आठवड्यात भाकरी रोज केली. ७ तारखेला पहिल्यांदा पुरी फुगली, टम्म. कारण मला आता कळलंय : वरच्या बाजूला पाणी फिरवल्यावर ते पुरतं सुकू न देता उलटायची. मी घाबरून थांबायचे, पाणी वाळून पृष्ठभागावर बारीक भेगा पडायच्या आणि वाफ त्यांतून निघून जायची. आजी उलटते तेव्हा वर अजून किंचित ओलसर चकाकी असते. तिने हे कधी शब्दांत सांगितलं नाही. मी तिचा हात केव्हा हलतो ते बघत बसले आणि आकडे मोजले.

१३ डिसेंबर

पहाटे पाचला जात्यावर. आजीला गुडघ्यांमुळे एकटीला ओढवत नाही, म्हणून मी समोर बसले आणि दोघींनी एकच खुंटा धरला. पहिल्या चार फेऱ्यांत काहीच नाही. मग तिने घास घातला आणि आवाज सुरू झाला. देवाची, मग आईवडिलांची, मग भावाची, पहिली, दुसरी अशी मोजत. नोव्हेंबरात निम्मी राहिलेली ती चौथी ओवी आज सरळ पुढे गेली. मला वाटतं, तिची आठवण खांद्यात आहे. खुंटा पुढे गेला की पहिली ओळ आणि मागे आला की दुसरी.

रेकॉर्डिंग मात्र पूर्ण वाया गेलं. फोन जात्याशेजारी जमिनीवर होता. ऐकलं तर सगळा घरघराट, आजी कुठेतरी लांब.

१६ ते २० डिसेंबर

फोनच्या जागेचे प्रयोग :

गोधडीच्या चार घड्यांवर ठेवला, तर जमिनीतून येणारा धक्का गेला, पण दगडाचा आवाज तेवढाच. आजीच्या मागे ठेवला, तर नुसती पुटपुट. शेवटी भिंतीतल्या खिळ्याला दोरीने टांगला, तिच्या तोंडाच्या उंचीवर, हातभर अंतरावर, जात्याकडे पाठ करून. पंखा आणि फ्रिज बंद. हे जमलं. आणखी एक गोष्ट कामाला आली : जातं रिकामं फिरलं की जास्त ओरडतं. घास थोडा थोडा पण सतत पडत राहिला तर दगडाचा आवाज खाली बसतो. घास घालायचं काम आता माझ्याकडे आहे.

चार पहाटांत ३८ ओव्या. त्यांतल्या ९ कानडी. आजीचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, तिथे दोन्ही भाषा एकाच घरात. तिच्या आईने ‘बीसुव पद’ म्हणून शिकवलेली ती गाणी ती मराठी ओवीच्या मधोमध, चाल न बदलता म्हणते. मला कानडी येत नाही हे पहिल्यांदा इतकं टोचलं. शेजारच्या काकूंनी तीन संध्याकाळी बसून अर्थ सांगितला.

लिहून काढताना सुरुवातीला मी ‘न्हाई’चं ‘नाही’ करत होते. सातव्या ओवीला मात्रा बसेना तेव्हा लक्षात आलं की ओळ मीच मोडतेय. सगळ्या सातही परत ऐकून जशाच्या तशा लिहिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्या प्रकल्पात गाणारीचं नाव आणि गावही नोंदलेलं असतं. मीही प्रत्येक ओवीखाली आजी ती कुणाकडून शिकली ते लिहितेय. आईकडून, थोरल्या जावेकडून, एका कामकरणीकडून जिचं नाव तिला आठवत नाही.

२४ डिसेंबर

जॅकेटची शिलाई. सकाळी लावलेली टीप संध्याकाळी सुटली. दोरा तुटला नव्हता, कापडच टिपेतून सरकलं होतं. मुंढ्याला तर दशा निघून पाव इंच उरला. दोन कारणं. मी दाब, म्हणजे टिपेबाहेरचं कापड, अर्धाच इंच ठेवला होता आणि सुई १६ नंबरची होती, आईने जीन्स शिवताना लावलेली. जाड सुई धागे बाजूला सारते आणि टीप सैल जागेत बसते.

सगळं उसवलं. ११ नंबरची सुई (पाकीट ४० रुपये), टाका बारीक, कडांना आधी फ्यूजिंगच्या इंचभर पट्ट्या, मधे ओलं फडकं ठेवून मंद इस्त्री. मुंढ्याला कापडात दाब उरलाच नव्हता, म्हणून तिथे फुकट गेलेल्या दोन डाव्या भागांतून तिरक्या पट्ट्या काढून जोडल्या. उसवण्यापासून इथवर दोन दिवस.

३१ डिसेंबर

अस्तर जोडलं. जांभळा खण मी फेकला नव्हता. त्याचा घड्यांच्या मधला धड त्रिकोण हलक्या हाताने कापला, मागे मलमल लावून धरला आणि जॅकेटच्या पाठीला आतून, अस्तरावर, हातशिलाईने बसवला. तिथे ताण येत नाही. आजीने तो जागेवर बघितला, बोट फिरवलं आणि म्हणाली, “टाके जवळ घे, दशा निघतील.” बरोबर होतं, परत घातले.

८ जानेवारी

भोगीची बाजरी मी २० डिसेंबरलाच दळून ठेवली होती, शेवटच्या दिवसांत धावपळ नको म्हणून. आज डबा उघडला तर वास उग्र, चव कडू. बाजरीत तेलाचा अंश जास्त, पीठ आठ-दहा दिवसांतच खवट होऊ लागतं. दीड किलो पीठ गेलं. ज्वारीच्या शिळ्या पिठाने नोव्हेंबरात शिकवलं होतं, ते बाजरीला लावायचं मला सुचलं नाही. नवी बाजरी आता १२ तारखेला, घरच्या जात्यावर.

१३ जानेवारी, भोगी

तीळ लावलेल्या बाजरीच्या १७ भाकऱ्या. दोन फाटल्या, एक करपली, चौदा पानात गेल्या. तीळ पाणी फिरवायच्या आधी लावले तर तव्यावर सुटतात. पाण्याचा हात फिरवून लगेच टाकायचे आणि तळव्याने हलकं दाबायचं. सोबत घेवडा, गाजर, वांगं, ओला हरभरा घातलेली भोगीची भाजी, ती आईची. दुपारी बाबांनी चौथी भाकरी मागितली.

मग यात्रा. सात नंदीध्वज, ते पेलणारे पांढऱ्या बाराबंदीतले लोक, हलग्या. गर्दीत कुंकवाच्या रंगाचं जॅकेट घालून उभी होते आणि धक्काबुक्कीत दोनदा मुंढ्याकडे हात गेला. टीप टिकली. एक अनोळखी आजी थांबून काठाला हात लावून म्हणाल्या, “खरा खण हाय.”

१५ जानेवारी

जॅकेटचा हिशोब : फसलेला खण ३००, खरा खण ६८० आणि २५५, अस्तर १४०, फ्यूजिंग ८०, सुया ४०, सहा बटणं ६०, मशीन ३५०. एकूण १,९०५ रुपये. त्यातले निदान ५५५ माझ्या चुकांचे. शिवायला सुटे तास धरून अकरा दिवस.

राहिलेलं : कॉलरचं डावं टोक उजव्यापेक्षा दोन सूत मोठं आहे, काजांना घरी मशीनचा टाका नीट येत नाही म्हणून ती हाताने केली आणि वरची दोन परत करावी लागतील. पहिलं धुणं अजून झालेलं नाही, कुंकू रंग सुटतो का ते तेव्हाच कळेल. मिठाच्या पाण्यात, एकटंच, सावलीत.

१८ जानेवारी

पुण्याला न्यायला कडक भाकऱ्या. पातळ थापून, मंद आचेवर फडक्याने दाबत दाबत पूर्ण ओल घालवायची. पहिल्या सहा वाकड्या झाल्या आणि मधे मऊ राहिल्या. त्या आम्ही आजच दह्याशी संपवल्या. पुढच्या २२ टणटणीत. कागदात गुंडाळून डब्यात, बरोबर शेंगाचटणी.

ओव्या ६१ झाल्या. आज पहाटे शेवटचं दळण होतं. संपलं असं समजून मी फोन खिळ्यावरून काढून बंद केला आणि पीठ भरू लागले. आजी खुंटा न सोडता बसली होती. तिने रिकामंच जातं अर्धा फेरा ओढलं आणि आजवर एकदाही न म्हटलेली एक ओवी म्हटली, लेक सासरी निघते त्याची. मी फोनकडे हात नेला, तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे गं. पीठ भर.”

ती मी लिहिलेली नाही. फाईल ६१वरच आहे.